पालथी बशी

गिरीज गावात आमच्या शेजारी राहणारी फिलू रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर बशीत एक सुकेळं ठेवायची. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नव्हतं. "वटारची कतरीनबाय ठेवते, म्हणून मी ठेवते," एवढंच तिचं उत्तर.

राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की झाली सुकेळी, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण कतरीनबायची सुकेळी परदेशी जायची आणि इतरांची काळी पडायची. फिलूचा नवरा अचानक गेला, मूलबाळ नव्हतं, पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं. ती वर्षभर कतरीनबायकडे केळी सोलायला गेली आणि मग स्वतःच्या वाडीत सगळं तस्संच मांडलं. तसाच मांडव, केळी गुंडाळायला तशीच वाळकी पानं, डोक्याला तसाच निळा रुमालसुद्धा. मी चेष्टा केली की म्हणायची, "तिचं यश नक्की कशात आहे ते मला कुठं कळतं? म्हणून सगळंच उचलायचं. ती शिंकली तर मी शिंकते."

धंदा असा चालला की व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी पुऱ्या करताना फिलूची दमछाक व्हायची. कतरीनबायची जुनी गिऱ्हाइकंही इकडे वळली. आणि भिंतीवरची बशी रोज रिकामी, पालथी घातलेली सापडायची. कावळे असतील, असं मी म्हणायचे खरी, पण कावळ्यानं उलटवलेली बशी खाली पडून फुटते. ही जागच्या जागी नीट पालथी असायची.

एकदा कतरीनबाय स्वतः आली. आता भांडण होणार म्हणून मीही फिलूशेजारी जाऊन उभी राहिले. म्हातारी त्या भिंतीकडेच बघत होती.

"माझं पोर वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात बुडालं," ती म्हणाली. "त्याच्यासाठी ठेवते मी. खाऊन झालं की बशी पालथी घालायचा, मुंग्या नकोत म्हणून. गेल्यावरही रोज पालथीच मिळायची. हल्ली सरळ असते, सुकेळं तसंच पडलेलं. तुझी कशी असते, बाय?"

"सरळच," फिलू म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हातारी निघून गेली. फिलूनं बशी धुऊन कपाटात ठेवली. "गिऱ्हाईक घेतलं ते घेतलं. पोर तिचं आहे," म्हणाली. त्या बशीचा तिला किती लळा लागला होता, ते मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. थोड्याच दिवसांत वटारहून निरोप आला की बशी पालथी निघाली. फिलू बरं झालं म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत मान वर न करता केळी सोलत बसली. पुढं धंदा बरा चालला, पण सकाळी दार उघडलं की तिची नजर आधी भिंतीकडं जायची.

यंदा उन्हाळ्यात फिलू गेली. दफनाला कतरीनबाय काठी टेकत आली होती. परतताना तिनं मला बाजूला घेतलं.

"ती खोटं बोलली, ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "आज तिच्या भिंतीवर बशी ठेव, बाय. ती गेली तेव्हापासून माझी सरळच आहे. पोर इकडंच बसलं असंल, उपाशी."