शिवणकामाची चार प्रमाणपत्रं

माझ्या काकूला गावात सगळे तारवाली म्हणतात. जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्यानं भरणं हा तिचा धंदा. काकाचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं तार गुंडाळायचा फर्मा आपल्याकडे ओढला. त्याला अठरा वर्षं झाली. काका बाहेर खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, काकू आत तारेचे फेरे मोजते. मोजताना कुणी हाक मारली तर ओ देत नाही.

तिच्याकडे शिवणकामाची तीन प्रमाणपत्रं आहेत. तिला साधी बाहीसुद्धा बेतता येत नाही. कौशल्य केंद्राला बायकांचा आकडा कमी पडला की सर गाडी घेऊन यायचे, "बसा हो ताई, तेवढीच संख्या होते." ही आपली भिडस्त, जाऊन बसायची.

या वर्षी पाणी समितीनं नोटीस लावली. यापुढे गावच्या पंपाला मोटरीचं प्रमाणपत्र असलेल्यांनीच हात लावायचा. त्या पंपाची मोटर आजवर काकूच भरत आली होती, आणि तिचं निम्मं घर त्या कामावर चालायचं. ती अर्ज घेऊन केंद्रात गेली. मोटर वायंडिंगचा, म्हणजे तार भरायचाच, वर्ग तिथं होता.

"ताई, ती बॅच मुलांची आहे," सर म्हणाले. "तुमच्यासाठी शिवण आहे ना!"

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकूनं अर्जाची घडी करून पिशवीत ठेवली.

महिन्याभरात पंप जळाला. केंद्राची मुलं आली, छिन्नी लावून जुनी तार कापली, ओढून काढली आणि भंगारात देऊन मोकळी झाली. फेरे कुणी मोजलेच नाहीत! तार कापण्याआधी फेरे मोजायचे, हे काकाच्या खुर्चीलासुद्धा ठाऊक आहे. मग अंदाजपंचे भरली. मोटर दहा मिनिटांत धुरानं भरली. दोन दिवस नळ कोरडे. तिसऱ्या दिवशी सर स्वतः दुकानात आले.

"ताई, फेरे किती असतात याचे?"

"चव्वेचाळीस. वहीत आहे," काकू म्हणाली. "पण मी हात लावणार नाही. नोटीस आहे."

"अहो, नोटिशीचं काय घेऊन बसलात! गावाला पाणी नाही."

"म्हणून तर येते. मी सांगते, तुम्ही भरा."

आणि खरंच, ती पंपघरात स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली. सर फेरे मोजायला लागले. सतराव्याला चुकले. "सोडा, पहिल्यापासून," काकू म्हणाली. पुन्हा एकतिसाव्याला चुकले. "सोडा." त्यांची बोटं तारेनं कापली, शर्ट घामानं चिकटला, पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. मला इतका आनंद झाला की लाजच वाटली. मोटरीच्या खाचेत कागद घालून गुंडाळी बसवताना काकूनं फक्त बोट दाखवलं, "इथं. जोर नको, तार सोलवटेल." तेवढ्यात एका मुलानं फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तारेवरचं वार्निश वाळलं, मोटर चालली, नळाला पाणी आलं. सरांनी बोटांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या. म्हणाले, "ताई, तुमच्या प्रमाणपत्राचं मी बघतो. शब्द देतो."

पंधरा दिवसांनी केंद्राचा अहवाल आला. पहिल्याच पानावर तो फोटो. खाली छापलं होतं: 'ग्रामीण महिलेस मोटर वायंडिंगचे मार्गदर्शन करताना आमचे प्रशिक्षक.' मी तो अहवाल फाडायलाच निघाले होते. काकूनं माझा हात धरला, कारण सोबत तिच्या नावाचं पाकीट होतं. तिनं ते हावरटासारखं उघडलं. अठरा वर्षांत मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

आत प्रमाणपत्र होतं. शिवणकामाचं. चौथं.

मी सरांच्या नावानं बोटं मोडत होते. मोटरीच्या खाचेत तारेखाली घालायचा कागद पारखतात तसा काकूनं तो प्रमाणपत्राचा कागद चिमटीत चोळून पाहिला.

"मोटरीतसुद्धा चालणार नाही गं हा," ती म्हणाली. "लगेच जळेल."