आबांची सागवानी पेटी

माझ्या वडिलांनी स्वतःच्या मयताच्या पेटीतले बुंदीचे लाडू खाल्ले आणि वेलची जरा कमी पडली म्हणून सांगितलं.

लोक हे ऐकून हसतात. हसू देत. ती पेटी मी केली होती, आणि तशी पेटी सातारा जिल्ह्यात दुसरी झाली नाही, हे आधी लिहून ठेवतो. माझी शाळा तिसरीपर्यंत (तिसरीत दोन वर्षं बसलो, म्हणजे चौथी झाल्यासारखीच), पण हातात रंधा दिला की मी कुणाला हार जात नाही.

जर्मनीची लढाई संपली त्या सालची गोष्ट. साताऱ्याकडनं सांगलीला जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. त्यात ख्रिस्ती घरं अकरा, आणि त्यांत सुतार मी एकटा. माघ महिन्यात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, छाती भरली. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. आवडेल ते खायला द्या." एवढं ऐकल्यावर माणसानं काय समजायचं? मी समजायचं ते समजलो, आणि थेट साताऱ्याला जाऊन एका पाडलेल्या बंगल्याचं सागवान गाडीत घालून आणलं.

त्याला कारण होतं. माझी आई पटकीच्या साथीत गेली, तेव्हा पेटी करायला ना वेळ होता ना फळी. घोंगडीत गुंडाळून तिला मातीत ठेवली. आबांच्या मनातनं ते कधी गेलं नाही. मला सारखं म्हणायचे, "योना, मला सागवानात घाल रं. आंब्याची फळी नको, दोन पावसाळ्यात कुजती. तुझ्या आईपुढं गेल्यावर सांगता आलं पायजे, पोरगं सुतार झालं म्हणून."

आठ दिवसांत पेटी उभी केली. एक खिळा मारला नाही, सगळे सांधे बसवलेले. आबा खाटेवरनं बघत होते. नवव्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, "डोक्याकडं अरुंद वाटती." दहाव्या दिवशी मटण मागितलं. आवडेल ते द्या म्हणून डॉक्टरांनीच सांगितलेलं, दिलं. महिन्याभरात माणूस काठी टेकत ओढ्यापर्यंत जायला लागला!

आता सहा फुटांची रिकामी पेटी दोन खणांच्या घरात. ज्याच्या त्याच्या नडगीला लागायची.

"आवं, गोठ्यात तरी ठेवा की ती," माझी बायको मार्था म्हणाली.

"सागवान? गोठ्यात?"

"मग काय डोक्यावर घिऊ?"

मी हटलो नाही. पेटी राहिली. आणि राहिली म्हणून वापरात आली.

वैशाखात माझी धाकटी बहीण रूथ हिचं लग्न सांगलीत होतं. लाडू आमच्याकडनं. एवढे लाडू न फुटता न्यायचे कशात? मी पेटीत पांढरं धोतर अंथरलं, लाडू रचले, झाकण घातलं आणि बैलगाडी हाकली. पुढं आबा बसलेले. नवऱ्याच्या दारात चौघांनी पेटी उतरवली, तशी रूथची होणारी सासू ओसरीवरनं खाली आली. तिचा चेहरा उतरला.

"अगंबाई! ऐन लग्नात कोण गेलं वो?"

"कोण न्हाई," आबा म्हणाले, "माझी हाय ती." आणि झाकण उचलून एक लाडू तोंडात टाकला. वेलचीचं बोलले ते तेव्हाच.

रूथ नवरीच्या साडीत माझ्याजवळ येऊन दात खात म्हणाली, "दादा, माझ्या लग्नाला दुसरं भांडं मिळालं न्हाई तुला?" तिच्या सासूनं पुढं वर्षभर बुंदी तोंडात घातली नाही.

पावसाळ्यात मला मुलगा झाला. बाप्तिस्म्याला आबांनीच हातावर धरला. मार्थानं बजावलं होतं, लेकराला त्या पेटीजवळ न्यायचं नाही. पण दुपारी ती शेतात भांगलायला गेली की पोरगं रडायचं, आणि आबा त्याला गोधडीसकट पेटीत निजवायचे. कडेनं उंच, खाली पडायची भीती नाही. एकदा मार्था लवकर घरी आली. पुढं काय झालं ते लिहीत नाही. आबा आणि मी दोघंही त्या दिवशी ओढ्याकाठी जेवलो एवढं सांगतो.

दिवाळीनंतर चर्चमध्ये कापणीचा सण असायचा. वर्षाच्या उपकारांबद्दल ज्यानं त्यानं शेतातलं काहीतरी देवापुढं आणून ठेवायचं. लोक टोपलीभर आणायचे, कुणी भोपळा आणायचा. मी म्हणालो, आपल्या घरावर यंदा देवानं काय थोडं केलंय? बाप वाचला, बहीण नांदायला गेली, पोरगं झालं. टोपली न्यायची? पेटी भरून जोंधळं न्यायचं!

"पोत्यात न्या की," मार्था म्हणाली.

पोतं कुणीही नेईल. मी पेटी भरली, चौघांनी खांद्यावर घेतली, पुढं मी, आणि मागनं आबा काठी टेकत, जरा लांब पडलेले. गावानं काय बघितलं? पुढं योना, त्याच्यामागं खांद्यावर पेटी. शेजारचा बापू हवालदार, पेन्शनीत आलेला, तालमीपुढं उभा होता. त्यानं खाडकन सलाम ठोकला. बायांनी पदर डोळ्याला लावले. "भला माणूस हुता," एक म्हणाली. "कुणाच्या अध्यात ना मध्यात," दुसरी म्हणाली.

आबा मागनं आले. कुणाचं तरी मयत दिसतंय म्हणून त्यांनी पटका काढला आणि बापूशेजारी मान खाली घालून उभे राहिले. आपलंच आहे हे कळल्यावरसुद्धा गप्प राहिले. कौतुक फुकट ऐकायला मिळत होतं, कोण सोडतंय? तिसरी बाई म्हणाली, "भला हुता खरा, पर लय हट्टी."

"हट्टी कोण गं?" आबा म्हणाले.

ती बाई धसक्यानं दोन दिवस तापली. बापू मात्र हात कपाळाला तसाच ठेवून आबांना म्हणाला, "दानूतात्या, तुमी मेला न्हाई व्हय? सांगायचं तरी, सलाम वाया गेला."

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जोंधळं बघितलं, पेटी बघितली आणि सहज विचारलं, "योना, धान्य काढून घेऊ ना? पेटी तुम्हाला परत लागेल."

सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. माझी छाती इतकी फुगलेली की बंडीचं एक बटण तुटायचं राहिलं होतं. मी म्हणालो, "पेटीसकट देवाची."

परत येताना आबा वाटेतच काठी टेकून थांबले. मग म्हणाले, "माझी पेटी दिलीस व्हय रं?"

"दुसरी करीन. सागवानाचीच."

"सागवान कुठनं आणशील?"

"ते माझं मी बगतो, आबा."

"शब्द दिलास बग," ते म्हणाले, आणि हट्टी कोण ते मला विचारत घरी आले.

नाताळ पंधरा दिवसांवर असताना एका पहाटे आबा गेले. झोपेतच, काही त्रास न होता. नातवाचा हात त्यांच्या मिशीत अडकलेला तसाच होता.

सकाळीच पाळकसाहेब आले. माझा हात धरून म्हणाले, "योना, पेटी घेऊन जा. देव काही मनाला लावून घेणार नाही."

देव नसेल घेत, मी घेतो. दिलेलं परत घ्यायचं नाही. पण गावात सागवान औषधाला नव्हतं. बापू म्हणाला, "गड्या, आंब्याच्या फळ्या हाईत माझ्याकडं, चांगल्या वाळल्यात." मी मान हलवली. नजर फिरवून घरात सागवान शोधलं. होतं. आजोबांनी बसवलेलं, दोन फळ्यांचं, दोन बोटं जाड.

मी घराचं दार काढलं.

मार्था लेकराला घेऊन उभी होती. मला वाटलं आता बोलणार. तिनं लेकरू शेजारणीकडं दिलं आणि करवतीचं दुसरं टोक धरलं.

दुपारपर्यंत पेटी झाली. रंधा मारायला वेळ कमी होता, पण सांधे सगळे बसवले, खिळा नाही. झाकणाला दाराची कडी तशीच राहिली आणि बाजूच्या फळीला कोयंडा. कबरस्थानात प्रार्थना झाली, झाकण घातलं, आणि चाळीस वर्षांची सवय हाताला! दार लोटलं की हात आपोआप वर जातो. मी कडी घातली. डोळ्यांत पाणी होतं, मला काही दिसलं नाही. पेटी खाली गेली, माती पडली, आणि मग बापू हळूच कानाशी म्हणाला, "योन्या, भायेरनं कडी लावलीस रं?"

त्या नाताळात आमच्या दाराला पोतं होतं आणि शेजारची शेळी विचारल्याशिवाय आत यायची. सागवानी पेटी आजही चर्चमध्ये आहे, तिच्यात गीतांची पुस्तकं ठेवतात, आणि एक सांधा हललेला नाही. जाऊन बघा.

आता माझंही वय झालं. मुलाला सांगून ठेवलंय, मला कशातही घाल, आंबा चालेल, पण आबांच्या शेजारीच ठेव. न्यायाच्या दिवशी शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा कबरींतले सगळे आपापले उठतील, आणि माझा बाप तेवढा आतनं दार बडवत ओरडत असेल, "योन्या, कडी काढ रं!" ती काढायला मला सगळ्यांच्या आधी उठावं लागणार.