तापलेल्या टायरची हवा

मुलांनो, वाळवंटात गाडी नेताना टायरची हवा कमी केली आणि परतताना पुन्हा भरली, असं तुम्ही पत्रात लिहिलंत. म्हणून कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट आज लिहिते.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही अंधेरीला राहत होतो. माझ्या सासऱ्यांकडे लष्कराची जुनी जीप होती आणि त्यांच्या परवानगीने मी ती चालवायला शिकत होते. एका रविवारी तुमचे आजोबा आणि मी वर्सोव्याच्या वाळूत जीप फिरवून आलो. पक्क्या रस्त्याला लागल्यावर, वाळूसाठी कमी केलेली हवा मी पायपंपाने पुन्हा भरली. हवेचा दाब मोजणारा मापक तीस पौंड दाखवत होता, जीपच्या माहितीपुस्तकात पंचवीस होते.

“पाच जास्त झालेत, सोड,” आजोबा म्हणाले.

“अहो, टायर तापलेत. पुस्तकातला आकडा थंड टायरचा आहे. सकाळी आपोआप उतरेल.”

“इंग्रजी वाचलंस म्हणून मेकॅनिक झालीस का गं?” असं हसत म्हणून त्यांनीच चारही चाकांची हवा सोडली.

सासरे दर सोमवारी निघण्यापूर्वी हवा मोजत. त्या सोमवारी प्रत्येक चाकात हवा पंचवीसपेक्षा कमी निघाली.

“हवा कुणी भरली होती?” त्यांनी विचारलं.

“हिने,” वर्तमानपत्रातून मान वर न करता आजोबा म्हणाले.

ते खोटं नव्हतं. सासऱ्यांनी किल्ली खिशात टाकली. “सूनबाई, हे तुमचं काम नव्हे.”

त्यानंतर मी कधीच गाडी चालवली नाही. आजोबांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

जीप केव्हाच विकली. मापक माझ्या शिवणाच्या डब्यात आहे आणि अजून बरोबर आकडा दाखवतो.