तडतडती टाकी, मुकी टाकी

तर काल गोष्ट अर्धी टाकून आपण उठलो तेव्हा नूर खोझिन त्या दुकानाच्या काउंटरवर डोकं टेकवून बसला होता. झोपला नव्हता. एक कान टाकीला लावून ऐकत होता.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. टाकी म्हणजे छपरावरची पाण्याची नव्हे. ही अंगठ्याएवढी, काचेची, विजेच्या विडीच्या डोक्यावर बसणारी. तिच्यात रस भरायचा, बटण दाबायचं, आतली तार तापते, तारेभोवतीचा ओला कापूस वाफ सोडतो, आणि ती वाफ ओढणारा स्वतःला शहाणा समजतो. विस्तव नाही, राख नाही, काडी नाही. नवरदेवाशिवाय वरात म्हणा ना! आमच्या जावा बेटावरच्या कुडुस शहरात जिथे पूर्वी सोतो, म्हणजे म्हशीच्या मटणाचा रस्सा मिळायचा, तिथे हल्ली स्ट्रॉबेरीची वाफ मिळते. खाऊन बघा, पोट भरतं का ते.

दुकानदाराचं नाव अंगित. मानेवर गरुड गोंदलेला, आवाज मात्र कबुतराचा.

"म्बाह, अहो आजोबा," तो कळवळून म्हणाला, "लोक धूर किती येतो ते बघतात. चव बघतात, काच बघतात. तुम्ही ऐकताय काय?"

"गप्प. पुन्हा दाब ते बटण."

अंगितने दाबलं. टाकीतून नुसतं फूस झालं.

"ही मुकी आहे," खोझिन म्हणाला. "दुसरी आण."

मी मागे स्टुलावर बसून हा तमाशा बघत होतो, कारण माझ्या नातवाचं लग्न त्या टाकीत अडकलं होतं.

ते कसं, ऐका. आमच्या गावात मुलीला मागणी घालायला मुलाचा बाप तोंड उघडत नाही. बाप बोलायला लागला की बाजार होतो. बोलतो तो खोझिन. पेशाने सायकली दुरुस्त करणारा, पण अंगात जाकिट घालून बैठकीत बसला की दरबारी जावानी भाषा अशी बोलतो की समोरच्याला वाटावं, राजवाड्यातून थेट आपल्याच ओसरीवर उतरलाय. तीस वर्षांत त्याने घातलेली मागणी कोणी परत केली नाही. हे मी नाही म्हणत, तोच म्हणतो, आणि दिवसातून दोनदा म्हणतो.

त्याची सगळी कला काय, तर एक वाक्य आणि एक झुरका. आमची लवंगाची सिगारेट, क्रेतेक, जळताना तडतडते. लवंगा फुटतात आत. वाक्य संपलं की खोझिन झुरका घ्यायचा, बैठक गप्प, आणि त्या शांततेत तड्, तड्, तड्. "त्या आवाजात मुलीचा बाप विरघळतो, कांग," तो मला थोरल्या भावाचा मान देऊन सांगायचा. मी म्हणायचो, विरघळत नाही रे, धुराने डोळ्यांत पाणी येतं बिचाऱ्याच्या.

मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, धूर बंद. बंद म्हणजे बंद. शहाणा माणूस घरी येऊन गपचूप लिंबाचं सरबत प्याला असता. हा गेला अंगितच्या दुकानात. धुराला नाही म्हटलंय, वाफेला कोण नाही म्हणालं? असला कायदा काढला त्याने. वकील व्हायचा तो सायकलवाला झाला, देशाचं भलं झालं.

त्याची बायको सुलासिह कारखान्यात क्रेतेक वळते. आमच्या गावातल्या निम्म्या बायका वळतात. गावाच्या चुली लवंगेवर पेटतात, आणि ह्या गावात हा विजेची विडी घेऊन फिरतो! सुलासिह मला विहिरीवर म्हणाली, "कांग, मी दिवसभर वळायच्या, आणि घरी आलं की नवरा ओटीवर बसून कापूस उकडतोय. लाज वाटते मला मुकादमीणबाईसमोर."

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला सांग, तेवढ्या वाफेवर निदान केळीच्या पानातला भात तरी शिजव."

तर माझा नातू झैनुरी. त्याला डोंगराकडच्या गावातली उमैरो आवडली, तिला तो आवडला, दोन्हीकडच्या आयांना आधीच सगळं ठाऊक. अडसर एकच, तिचा आजोबा. म्बाह रसमादी. लवंगेचा बागाईतदार, ताठ, आणि रिवाजाचा असा पक्का की स्वतःच्या सावलीलासुद्धा आधी बसायला सांगेल. आमच्याकडे मागणीला गेलं की क्रेतेकचं कोरं पाकीट बैठकीच्या मधोमध ठेवायचं, तोंड यजमानाकडे करून. यजमानाने त्यातली एक घेतली की बोलणं सुरू. ठेवलेलं पाकीट परत उचलायचं नाही, ते त्या घरचं झालं. उमैरोला आधी दोन स्थळं आली होती. एकाने फोडलेलं पाकीट ठेवलं. दुसऱ्याने कोरंच ठेवलं, पण तोंड स्वतःकडे. रसमादींनी दोघांना चहा पाजला आणि रस्ता दाखवला.

असल्या माणसापुढे बोलायला खोझिनच हवा. आणि सुरो महिना तोंडावर आलेला. सुरो लागला की आमच्यात लग्नाचा विषयसुद्धा काढत नाहीत, आणि सुरो संपेपर्यंत तिसरं स्थळ दारात उभं राहणार, अशी बातमी होती. झैनुरीने जेवण सोडलं. म्हणजे भात सोडला, तळलेली केळी चालू होती, पण तोंड पडलं होतं पोराचं.

मी खोझिनकडे गेलो. तो म्हणाला, "येतो की, कांग. फक्त टाकी पसंत पडू द्या. वाक्यानंतर आवाज नसला तर माझ्या जिभेला पुढचं वाक्य सुचत नाही."

म्हणून मी त्या स्टुलावर.

काय काय दाखवलं त्या अंगितने! एक होती मोठी, पेरूएवढी. ओढली की डास मारायला येणारी फवारणीची गाडी येऊन गेल्यासारखं वाटे. सोतोवाल्याने शेजारून ओरडून विचारलं, "जळतंय काय?" नाकापेक्षा मोती जड, खालच्या यंत्राला ती पेलतसुद्धा नव्हती. एक होती चिंचोळी, सिगारेटसारखी घट्ट ओढायची. ओढून ओढून खोझिनचे गाल आत गेले, तो पुरता वाळक्या बोंबलासारखा दिसायला लागला. एकीत वरून रस भरता येतो म्हणे, एकीत खालून. एकीत थेंब थेंब कापसावर टाकत बसायचं, ओढायचं, पुन्हा टाकायचं. मी म्हटलं, "ही घे खोझिन. मागणी घालता घालता मधेच म्हण, थांबा, मला दिव्यात तेल घालायचंय."

"कांग, तुम्हाला ह्यातलं कळत नाही."

"देवाची कृपा!"

शेवटी उरल्या दोन. पहिली धडधाकट, थेंब गळत नाही, चव चांगली, पण मुकी. दुसरी तडतडायची. खरंच, अगदी क्रेतेकसारखी, तारेवर रस उडायचा आणि आत लवंग फुटल्यासारखं व्हायचं. पण बुडाशी हवेची भोकं होती त्यांतून ती गळायची. शेंबड्या पोरासारखी. अंगितने रबराची कडी बदलली, उलटी ठेवली, सुलटी ठेवली. गळायचीच.

"दोन्ही एकत्र मिळत नाही, म्बाह," अंगित म्हणाला. "बोलणारी गळते. न गळणारी बोलत नाही."

हे ऐकून खोझिन विचारात पडला. मी नाही पडलो, मला हे माझ्या सासूबाईंपासून ठाऊक होतं. पण हा पडला. ह्या हातात ही, त्या हातात ती, आणि चेहरा असा की जणू राज्य कोणत्या राजपुत्राला द्यायचं ते ठरवतोय. संध्याकाळ झाली. अंगितने अर्धं शटर ओढलं. माझा संयम सुटला.

"अरे, दोन्ही घे आणि चल! माझ्या नातवाला एकच बायको करायची आहे, तरी त्याने इतका विचार केला नाही!"

त्याने दोन्ही घेतल्या, दोन यंत्रांसकट. सदऱ्याच्या डाव्या खिशात मुकी, उजव्या खिशात तडतडती. शिवाय गळ्यात एक पिशवी, तिच्यात बाटल्या, कापूस, तार, चिमटा. विंचवाचं बिऱ्हाड.

मागणीच्या दिवशी भाड्याच्या गाडीतून आम्ही डोंगर चढलो. जेनांगच्या हलव्याचे डबे, केळीचे घड, गुळातल्या भाताच्या वाजिकच्या वड्या, सगळं घेतलं होतं. जेनांग चिकट असतं, नाती चिकटावीत म्हणून नेतात. रसमादींच्या ओसरीवर चटया अंथरल्या होत्या, अंगणात लवंगा वाळत पडलेल्या. चहा आला. रसमादी मांडी घालून, हात बांधून बसले आणि चटईच्या मधोमध बघायला लागले.

मधोमध काही नव्हतं.

मी खोझिनकडे बघितलं. खोझिनने माझ्याकडे बघितलं. अहो, तीस वर्षं पाकीट त्याच्या खिशातून निघायचं! बोलणारा तो, पाकीट त्याचं, हे गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. ह्याने क्रेतेक सोडली ती सोडली, वर बैठकीचं पाकीटही सोडलं, आणि त्याबद्दल कोणाला चकार शब्द नाही. मागे बसलेल्या आमच्या लोकांनी खिसे चाचपले. पाकिटं सगळ्यांकडे, पण सगळ्यांची फोडलेली. दुकान डोंगराच्या पायथ्याशी.

"घर चुकलात का तुम्ही?" रसमादी अगदी मायेने म्हणाले. असल्याच मायेने त्यांनी आधीच्या दोघांना चहा पाजला असणार. "पाहुण्यांना वाट दाखवा कोणीतरी."

आतल्या पडद्यामागे बांगड्या वाजल्या. झैनुरीचं तोंड उकडलेल्या टॅपिओकासारखं पांढरं.

तेव्हा खोझिनचा हात उजव्या खिशात गेला. त्याने ती तडतडती टाकी यंत्रासकट काढली, दोन्ही हातांनी धरली, चटईच्या बरोबर मधोमध ठेवली आणि बोटाने हळूच फिरवली. तोंड यजमानाकडे.

रसमादी वाकले. "हे काय?"

"क्रेतेकच्या घरातली धाकटी पाती, म्बाह."

"फोडलेली आहे का?"

"तोंड कोरं आहे. आज सकाळीच बसवलं."

"आणि जाळायची कशाने?"

"जळत नाही. नुसती बोलते. ऐका." खोझिनने बटण दाबलं. तड्, तड्, तड्.

अख्खी ओसरी कान लावून बसली. म्हाताऱ्याने ते यंत्र उचललं आणि क्रेतेक ओढावी तशी छाती भरून वाफ ओढली. मग जे काय झालं! डोळे बाहेर, मान लाल, वाफ नाकातून, तोंडातून, मला तर वाटलं कानांतूनसुद्धा. सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी मनात झैनुरीला दुसरी मुलगी शोधायला लागलो होतो.

म्हातारा पाणी प्यायला, त्याने मिशी पुसली, आणि यंत्र कानाला लावून पुन्हा बटण दाबलं. तड्, तड्.

"माझ्या बागेतल्या लवंगा अशाच बोलायच्या," ते म्हणाले, "मी तरुण होतो तेव्हा." आणि यंत्र सदऱ्याच्या खिशात टाकलं. "हं. बोला, काय काम काढलंत?"

खोझिनच्या हातात आता काही नव्हतं. मुकी खिशात होती, पण ती काढायची कशी? एक दिलंय, दुसरं स्वतःसाठी ठेवलंय, हे दाखवायचं? तो कोरडाच बोलला. सगळं बोलला. वाक्यांच्या मधे थांबायचा, हात आपसूक ओठांकडे जायचा आणि रिकामा खाली यायचा. त्या रिकाम्या जागेत दर वेळी रसमादींच्या खिशातून तड् व्हायचं, म्हातारा खेळत होता बटणाशी! चांगला बोलला, हे कबूल करायला मला पैसे पडत नाहीत. शेवटी रसमादींनी आत बघून विचारलं, "उमैरो, चहा गार झाला का?" आमच्याकडे ह्याचा अर्थ हो. आतून उत्तर आलं, "नवा ठेवलाय, म्बाह." ह्याचाही अर्थ हो.

निघताना रसमादींच्या खिशाखाली तपकिरी डाग पसरायला लागला होता. मी बघितला. खोझिननेही बघितला. आम्ही दोघांनी आभाळाकडे बघून पाऊस येईलसं वाटतं म्हटलं आणि गाडीत चढलो.

गाडीत झैनुरी हसत होता, गात होता, तळलेली केळी खात होता. खोझिन खिडकीशी बसून मुकीतून फूस फूस करत होता. आता असा घास कोण सोडतो? डोंगर उतरेपर्यंत मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, खोझिन, दुकानदाराचं शटर पडेपर्यंत कान लावून निवडलीस, आणि निवडलीस ती म्हाताऱ्यासाठी! म्हटलं, तडतडती गेली सासरी, तुझ्या गळ्यात पडली मुकी. म्हटलं, आता वाक्य सुचायला काय करशील, सुलासिहला सांगशील का शेजारी बसून लवंगा चाव म्हणून? मग मला माझ्या मामाच्या हुक्क्याची गोष्ट आठवली, ती सांगितली. ती सांगताना मामीच्या बकरीची आठवली, तीही सांगितली. तो आपला फूस, फूस. पुलाजवळ आलो तेव्हा मी त्याला कोपराने ढोसलं आणि विचारलं, "बोल की रे! मुकी टाकी घेऊन आता करणार काय तू?"

त्याने वाफ सोडली, काच रुमालाने पुसली आणि म्हणाला, "मुकीच बरी, कांग. तुमच्याशेजारी बसायचं म्हटलं की कोणीतरी एक मुकं हवंच. मला ते जमणार नाही, तेव्हा ते काम टाकीलाच करू दे."