दाबून लिहिलेला नंबर

शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिथे चौथ्या वर्षी हंगामी शिक्षिका होते. हंगामी म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर आणि दर एप्रिलला घरी. घरात मी आणि आई, आणि दोघींचं भागायचं ते त्या ऑर्डरवर. मला कायम करण्याचा प्रस्ताव हेडमास्तरांच्या टेबलावर दोन वर्षं पडून होता. त्यांची एक सही झाली की तो वर जायचा. मी विचारलं की ते म्हणत, "बघू."

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटची. मिठबावच्या अलीकडे आमचं गाव. टीव्ही सुद्धा मोजक्या घरांत, आणि शाळेला मात्र सरकारी योजनेतून कॉम्प्युटर. कोल्हापूरला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला कोण जाणार म्हटल्यावर सगळ्या कायम मास्तरांना एकदम घरची कामं आठवली, म्हणून मी गेले. परत आल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. शिक्षण खात्याचे साहेब महिन्याभरात उद्घाटनाला येणार होते. मशीन त्यांच्यासमोर चालू झालं तर प्रस्ताव त्याच दिवशी साहेबांच्या हातात देतो, असं ते म्हणाले. मी त्या शब्दावर जगले, याचा मला आजही राग येतो. त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो.

त्या मशीनला स्वतःचं काही आठवत नसे. बटण दाबलं की ते जागं व्हायचं, पण आपण कोण आणि काय करायचं हे त्याला एका फ्लॉपीवरून वाचून घ्यावं लागे. फ्लॉपी म्हणजे पंजाएवढ्या चौकोनी, काळ्या, लवचिक आवरणातली तबकडी. रोज चालू करताना ती आत सरकवायची. ती वाचली गेली की पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत आणि मशीन हुकूम ऐकायला तयार होई. नाही वाचली गेली तर मशीन म्हणजे नुसता डबा. कंपनीचा माणूस आला, मशीन जोडलं, ती फ्लॉपी घालून चालू करून दाखवलं आणि दुपारच्या एसटीने गेला. फ्लॉपी हेडमास्तरांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

चार दिवसांनी मी ती मागून घेतली आणि मशीन चालू केलं. कर्र कर्र आवाज आला, थांबला, आणि पडद्यावर एकच ओळ आली: ही चालू करण्याची फ्लॉपी नाही, दुसरी घाला. मी पुन्हा घातली. पुन्हा तीच ओळ.

पुढचे आठ दिवस मी त्या डब्याशी झटापट करत होते. वायरी काढून परत लावल्या. विजेचा दाब कमी पडतोय का म्हणून गिरणी बंद असायची त्या वेळेत चालू करून बघितलं. दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणून फ्लॉपी वाचणारा भाग पुसला, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत सायकलची घंटी सुद्धा वर्षभर टिकत नाही. फ्लॉपी खालच्या खाचेऐवजी वरच्या खाचेत घातली, आतली जोडणी बदलून पाहिली. प्रत्येक वेळी तोच आवाज, आणि प्रत्येक वेळी बरोबर त्याच जागी अडायचा. तेव्हा माझी खात्री पटली की मशीन धडधाकट आहे, बिघडलीय ती फ्लॉपी. स्टाफरूममध्ये मात्र बाईंनी मशीन बिघडवलं अशी कुजबुज सुरू झाली होती. त्यातल्या एकालाही ते मशीन कुठल्या बाजूने चालू होतं ते ठाऊक नव्हतं.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मगे कोणाकडसून तरी विरजण घेवन ये." तिने दोन शब्दांत जे सांगितलं ते कोल्हापूरच्या दहा दिवसांत मला कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

प्रशिक्षणात फोंडाघाटच्या शाळेतले एक मास्तर होते, त्यांना तसंच मशीन मिळालं होतं. त्यांच्या फ्लॉपीवरून नक्कल करून घ्यावी म्हणून मी हेडमास्तरांकडे तीन कोऱ्या फ्लॉप्या मागितल्या. त्यांनी एक दिली. बाकीच्या वाया कशाला घालवायच्या, म्हणाले. रविवारी कणकवलीला गाडी बदलून मी फोंडाघाटला पोचले. त्या मास्तरांनी दहा मिनिटांत नक्कल करून दिली आणि तिच्यावरच्या चिठ्ठीवर स्केचपेनने अगदी हलक्या हाताने नाव लिहिलं. मला वाटलं, चित्रकलेचे मास्तर असतील.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती फ्लॉपी घालून मी आमचं मशीन चालू केलं. हिरवी अक्षरं आली. मी खुर्चीत बसून रडले, हे लिहायला लाज वाटत नाही. मग मी हेडमास्तरांना म्हटलं की आता हिच्याच आणखी दोन नकला करून ठेवते, म्हणजे पुन्हा पंचाईत नको. ते म्हणाले, उद्या. आधी हिची डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद झाली पाहिजे, साहेब प्रत्येक वस्तूवर नंबर बघतात. आणि त्यांनी फ्लॉपी नेली.

आमच्या शाळेत खडूच्या डब्यापासून घंटेपर्यंत सगळ्यावर डेडस्टॉक नंबर असे, आणि तो हेडमास्तर स्वतः घालत. या माणसाचं सगळं आयुष्य तीन प्रतींत गेलेलं. कागदाखाली कार्बन, त्याखाली कागद, पुन्हा कार्बन. त्यामुळे त्यांचं बॉलपेन काहीही लिहिताना इतकं रुतायचं की वहीच्या मागच्या पानावर हात फिरवला तर अक्षर बोटाला लागे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. नारळ फोडला, मशीनला हार घातला. हेडमास्तरांनी कपाटातून फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली, मी आत सरकवली, साहेबांनी बटण दाबलं. कर्र कर्र आवाज आला आणि थांबला. तीच ओळ. मी दोनदा, तीनदा करून बघितलं. साहेब दोन मिनिटं थांबले, मग सोलकढी प्यायले आणि कारण लेखी कळवा असं सांगून जीपमध्ये बसले. प्रस्तावाचा कागद टेबलावरून हलला नाही.

सगळे गेल्यावर मी फ्लॉपी खिडकीत उजेडाला तिरपी धरली. चिठ्ठीवर निळ्या शाईत शाळेचं नाव आणि नंबर, आणि प्रत्येक आकडा खाली रुतलेला. पहिली फ्लॉपी काढून बघितली, तिच्यावरही तसाच. आतली तबकडी कागदासारखी पातळ असते, तिच्यावर वरून बॉलपेन दाबलं की तिथलं सगळं जातं. कागदी पाकिटाच्या मागे छोटी चित्रं होती: ऊन नको, लोहचुंबक नको, हात लावू नको. शेवटचं चित्र पेनचं होतं, फुली मारलेलं. ते मी कोल्हापुरात पाहिलं होतं आणि विसरले होते. एवढी चूक माझी, ती मी कबूल करते.

पाकीट आणि दोन्ही फ्लॉप्या घेऊन मी हेडमास्तरांसमोर उभी राहिले. त्यांनी चित्र बघितलं, आकड्यांवरून अंगठा फिरवला. त्यांना कळलं. ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं, म्हणून तर मी त्यांना माफ करू शकले नाही. शाळेत कधी मालवणी न बोलणारा माणूस उठला, दार लोटून आला आणि मालवणीत बोलायला लागला.

"बाई, माजी दोन वर्सां ऱ्हवलीत. तुमची सगळी नोकरी पुढे आसा. आणि तुमचो प्रस्ताव अजून माज्या टेबलार आसा."

एवढंच बोलले. आवाज सुद्धा चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत क्लार्कने माझ्यासमोर कागद ठेवला. हाताळणीतील माझ्या निष्काळजीपणामुळे दोन फ्लॉप्या निकामी झाल्या, असा खुलासा. शेजारी माझा प्रस्ताव, त्यावर हेडमास्तरांची ताजी सही.

पुढच्या जूनमध्ये मी कायम झाले. मशीनला पुन्हा कुणी हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. त्यावर भरतकाम केलेला रुमाल आला आणि काही वर्षांनी मुलांच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. निवृत्त होताना माझी फाइल मी चाळली, तर कायम केल्याची ऑर्डर आणि तो खुलासा एकाच टाचणीत होते. त्या नोकरीवर मी आईला शेवटपर्यंत सांभाळलं. खरं काय ते मी तिला कधीच सांगितलं नाही; तिला वाटत राहिलं की मुलीने खरोखरच मशीन बिघडवलं होतं आणि देवमाणूस हेडमास्तरांनी तिला सांभाळून घेतलं.

त्या मधल्या सुट्टीत, हेडमास्तरांच्या टेबलाशी, खुलाशावर सही करायला मी त्यांचंच बॉलपेन घेतलं. कागदाखाली दोन कार्बन होते. माझं अक्षर पुसट उमटत होतं. हेडमास्तरांनी मान वर न करता, आता पुन्हा शुद्ध मराठीत, सांगितलं, "दाबून करा, बाई. खालच्या प्रतीवर उठली पाहिजे."

मी दाबून केली.