ज्योत्स्नाची खिरापत

ज्योत्स्नाचा केसाने गळा कापला, असं मी पिपरी मेघेत ज्याला त्याला सांगत सुटले होते. दर वेळी नाव एकच घेतलं, ऋचाचं. दुसरं नाव घ्यायला मला तीन महिने लागले. तेही सांगणार आहे, पळ काढणार नाही.

ज्योत्स्ना आमच्या बालवाडीतली मदतनीस आणि मी तिथली मोठी बाई. बावीस वर्षं आम्ही एकाच सतरंजीवर बसून डबे खाल्ले. कागदोपत्री तिचं काम पोरांची नाकं पुसायचं आणि वर्ग झाडायचं. पण ती मूळची रोहण्याची, भुलाबाईची गाणी तिला तोंडपाठ. भाद्रपदाची पौर्णिमा आली की या बाईच्या अंगातच यायचं. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर चार-पाच वर्षांची पोरं मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे टिपऱ्या घेऊन नाचायची. टिपरी एकमेकांच्या डोक्यात न घालता एवढ्याशा पोरांना नाचवणं मला जन्मात जमलं नाही. शेवटी खिरापत. बंद डबा हलवायचा आणि आत काय आहे ते पोरांनी आवाजावरून ओळखायचं. खिरापत काय केली ते ज्योत्स्ना मलासुद्धा सांगत नसे. "सांगून टाकलं तं मजा काय राह्यली, ताई?"

तीन वर्षांपूर्वी मेक्सिकोची मारिसोल नावाची मुलगी सूत कातायला शिकायला सेवाग्रामला आली आणि चार महिने ज्योत्स्नाच्या मागच्या खोलीत राहिली. हिला इंग्रजी येईना, तिला मराठी. तरी दोघींच्या गप्पा संपत नसत. मारिसोलच्या आजोबांच्या गावात म्हाताऱ्यांचा नाच असतो. हसऱ्या म्हाताऱ्याचा मुखवटा लावून, कमरेत वाकून, काठी टेकत यायचं, खोकायचं, धडपडायचं, आणि एकाएकी लाकडी चपलांनी धडाधड ताल धरायचा. आमची पोरं या नाचावर लट्टू झाली. ज्योत्स्नाने तुराट्यांच्या काठ्या केल्या, टमाट्याच्या पेट्यांच्या फळ्या जुन्या चपलांना ठोकल्या. मग तिनेच शक्कल काढली, की हे मेक्सिकोचे म्हातारे फिरत फिरत भुलाबाईकडे येतात आणि खिरापत ओळखतात.

जाताना मारिसोलने एकच मागितलं. हा नाच शिकवशील तेव्हा तो कुणाचा आहे ते सांगत जा. ज्योत्स्नाने शब्द पाळला. नाचाआधी पोरं रोज कोकलायची, "भुलाबाई आमची, म्हातारे मारिसोलच्या आजोबांचे!" यंदा कोजागिरीच्या कार्यक्रमात हे पहिल्यांदा स्टेजवरून म्हटलं जाणार होतं, पत्रिकेत ज्योत्स्नाचं नाव येणार होतं, आणि त्याचा व्हिडिओ मारिसोलला जाणार होता. रेशनकार्ड सोडलं तर त्या बाईचं नाव कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही.

ऋचा ही संस्थाचालकांची सून, नागपूरला कथक शिकलेली. ऑगस्टपासून रोज येऊन बसायची आणि सगळं मोबाइलवर उतरवून घ्यायची. "काकू, किती गोड हो! मी आपली नुसती मदतीला." ज्योत्स्ना भोळी. दुखरा गुडघा धरून तिला पावलं पुन्हा पुन्हा करून दाखवायची, वर चहा पाजायची.

पत्रिकेचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. संकल्पना व नृत्यदिग्दर्शन, सौ. ऋचा. बाकी कुणाचं नाव नाही. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत पाठवला. त्याच आठवड्यात ऋचाने माझ्या नातीला, ईराला, रांगेत मधोमध उभं केलं. खिरापतीचा डबाही तिच्याच हातात दिला. मला आनंद झाला, हे लपवत नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी ईराच्या वेण्या घालताना मी तिला म्हटलं, "पाहुण्यांनी विचारलं कोणी शिकवलं, तर ऋचा मॅडमनी म्हणायचं."

"पण आजी, ज्योत्स्नाबाईंनी..."

"सांगितलं तेवढं म्हण."

संध्याकाळी पडदा उघडला. मारिसोलच्या आजोबांची ओळ नव्हती, ऋचाने ती काढून टाकली होती. मुखवटे विकतचे, चकचकीत. पोरं नाचली छान, खोटं कशाला बोलू. मग ईराने डबा हलवला. आवाज नाही. ऋचाने पोरांकडून उत्तरच पाठ करून घेतलं होतं, म्हणून म्हातारे एका सुरात ओरडले, "लाडू!" ईराने झाकण काढलं. पुढचा म्हातारा, म्हणजे चार वर्षांचा रत्नदीप, मुखवटा वर करून आत डोकावला. "याच्यात तं काईच नाई!" सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. पाहुणीबाईंनी माइक ईरासमोर धरून विचारलं, "कोणी शिकवलं गं हे?"

"ऋचा मॅडमनी."

पडद्याच्या कडेला ज्योत्स्ना पोरांच्या जुन्या चपला पोटाशी धरून उभी होती. कामाला येतील म्हणून तिने त्या आणल्या होत्या. ती रडली नाही. मी तिच्याजवळ गेले आणि ऋचाला शिव्या घालू लागले. मनापासून घालत होते, हेच वाईट.

तेवढ्यात ईरा धावत आली. ज्योत्स्ना खाली वाकली. "पोरी, तुले कोनं सांगतलं असं म्हनाचं?"

ईराने माझ्याकडे बोट केलं. "आजीनं. वेणी घालताना."

ज्योत्स्ना माझ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "मले सांगाचं होतं, ताई. मी घरी राह्यली असती. आता त्या मारिसोलले मी काय पाठवू?"

 

तिने चपला पिशवीत भरल्या. पिशवीत स्टीलचा एक डबा होता, घट्ट झाकणाचा. तिने नेहमीप्रमाणे सकाळी उठून खिरापत केली होती. ईराने ओळखला तो डबा. "बाई, हलवा ना! मी ओळखते!"

ज्योत्स्नाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिशवीचा बंद ओढला. दाराबाहेर ऑटो उभा होता, त्यात बसून ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती बालवाडीत आली नाही. मी दोनदा तिच्या घरी गेले. दोन्ही वेळा तिच्या सुनेने दारातूनच सांगितलं, आई झोपल्या आहेत.

ईरा अजून विचारते, त्या डब्यात काय होतं. शेव, मुरमुरे, फुटाणे, एकेक नाव घेते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी म्हणते, मला माहीत नाही. आता ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही.