आगनेस बायनं गाळलेले शब्द

काल संध्याकाळी आगनेस बायनं मला मरणाचं नाव घ्यायला लावलं.

आज सकाळी ती गेली.

मी या ग्रुपवर सहसा काही लिहीत नाही. पण ही गोष्ट फक्त आम्हा दोघींनाच माहीत होती, आणि आता मी एकटीच उरले आहे.

बाय माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन गासला आले ती स्टेशनाजवळच्या माणिकपूरहून. वाडीतल्या केळींमधून मला धड चालता यायचं नाही, पाटाच्या चिखलात चप्पल रुतून बसायची. बायनं पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, "स्टेशनवाली".

शेवटपर्यंत तेच नाव राहिलं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझा नवरा बोटीवर होता, कुठल्या बंदरात ते आम्हाला कळायचं नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. धाकटा अजून अंगावर पीत होता.

आणि तीन वर्षांची रीना दवाखान्यात.

मेंदूचा ताप. डोळे उघडे, पण ओळख नाही. मान लाकडासारखी ताठ.

डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "औषध चालू आहे. सकाळपर्यंत ताप उतरला तर पुढचं बोलू."

नाही उतरला तर काय, हे मी विचारलं नाही.

दिवस मावळायला आला तशी मी वॉर्डमधून बाहेर पडले. दवाखान्याच्या मागे एक विहीर होती. कठडा गुडघ्याएवढाच. मी तिथे जाऊन उभी राहिले.

मी काय करणार होते, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आत जायचं नाही, एवढंच माहीत होतं.

"काय गं स्टेशनवाली, पाणी कधी बघितलं नाहीस?"

मागे बाय उभी. लाल लुगडं, हातात पेजेचा डबा. धाकट्याला भावजींकडे ठेवून गासहून आली होती.

तिनं डबा कठड्यावर ठेवला आणि माझा दंड धरला. एवढा घट्ट, की नंतर दोन दिवस तिथे वळ होता.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. आमोरीची. आमच्याकडे संध्याकाळच्या या घंटेला जो जिथे असेल तिथे थांबून प्रार्थना म्हणतो.

"चल. आत जाऊन पोरीजवळ म्हणू."

"मी नाही म्हणणार, बाय. मला शब्दच येत नाहीत. आणि कोणाला सांगू? ऐकतंय कोण?"

मला वाटलं, आता ही चिडणार. बायच्या घरात असं कोणी बोललं नव्हतं.

ती म्हणाली, "सगळं म्हणायला कोण सांगतंय तुला? पुढचं माझं, मागचं तेवढं तुझं."

आमच्याकडे 'नमो मारिया' असंच म्हणतात. पहिला अर्धा भाग एकजण म्हणतो, दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर बाकीचे देतात.

रीनाच्या खाटेपाशी तिनं सुरुवात केली. खणखणीत आवाजात, अख्खा वॉर्ड वळून बघेल अशा. अर्ध्यावर आली आणि थांबली.

पुढे उत्तर माझं.

सलाईनचे थेंब पडत होते. समोरच्या खाटेवरची बाई चमचा हातात धरून बघत राहिली.

"मी थांबलेय हां," बाय म्हणाली. "मला घाई नाही. केळी काय पळून जात नाहीत."

मी तोंड उघडलं. पवित्र मारिये... आम्हा पाप्यांसाठी... आता...

आणि तिथेच अडले. कारण 'आता'नंतर लगेच येतं 'आमच्या मरणाच्या वेळी', आणि मग शेवटचं 'विनंती कर'.

समोर रीना होती. तो शब्द मी तिच्या उशाशी कसा उच्चारू?

बायनं माझ्याकडे बघितलं. मग रीनाकडे. तिला कळलं.

"मधलं गाळ," ती हळूच म्हणाली. "'आता' म्हण आणि 'विनंती कर' म्हण. आज आपल्याला आताचंच मागायचंय. मरणाचं मरणाच्या वेळी बघू."

मग तिथे बसून आम्ही रोझरीची अख्खी जपमाळ तशीच म्हटली. प्रत्येक वेळी तेवढे शब्द गाळून.

ड्युटीवरच्या सिस्टर जवळ आल्या. "तुमचं मध्ये काहीतरी राहतंय."

"माहिताय सिस्टर. मुद्दाम ठेवलंय."

रोझरी संपली तेव्हा मी पेज खाल्ली. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. विहिरीकडे परत गेले नाही.

सकाळी रीनाचा ताप उतरला. उजव्या कानानं ऐकू येणं मात्र गेलं, ते कायमचं.

औषधानं की प्रार्थनेनं, असं मी पुढे एकदा बायला विचारलं होतं.

"दोन्ही चालू होतं ना? मग आता कशाला वाटण्या करतेस?"

तेव्हापासून चर्चमध्ये आम्ही चारचौघांसारखी पूर्ण प्रार्थना म्हणायचो. पण घरी, आमोरीला, दोघीच असलो की मधलं गाळायचो. ठरवलं नव्हतं. तशी सवयच पडून गेली.

काल बायला श्वास पुरत नव्हता. रीना चांगला कान तिच्या तोंडाशी धरून बसली होती. घंटा झाली. बायचे ओठ हलले. पुढचं तिनंच म्हटलं, नुसत्या ओठांनी.

मी नेहमीसारखं उत्तर दिलं. आता... विनंती कर.

तिनं माझा दंड धरला. या वेळी बोटांत जोर नव्हता.

रीना म्हणाली, "मम्मी, बाय म्हणतेय, स्टेशनवाली, आज मधलं म्हण."

मला जमेना. बाय डोळे मिटून थांबून राहिली. तिला घाई नव्हती.

मग म्हटलं. आमच्या मरणाच्या वेळी. एक शब्दही न गाळता.

तिनं मान हलवली.

अंत्यविधीची मिस्सा उद्या दुपारी, आपल्या चर्चमध्ये. ज्यांना जमेल त्यांनी यावं.

बाय, आज आमोरीला मी बसणार आहे. पुढचं तू तिकडून म्हण.

मागचं सगळं मी म्हणेन.